शेवटच्या ओळीला पाणी

आमच्या दाजींइतक्या शिव्या खाल्लेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्या इतक्या शांतपणे पचवलेला तर जगात नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तीस वर्षं त्यांनी शहराच्या पाणीपुरवठ्यात चावीवाल्याची नोकरी केली. आता ज्यांच्या नळाला बारा महिने चोवीस तास पाणी असतं त्या भाग्यवंतांना चावीवाला म्हणजे कुलपं दुरुस्त करणारा वाटेल, म्हणून सांगतो. आमच्या संभाजीनगरात पाण्याला वार असतो. आज या गल्लीला, उद्या त्या कॉलनीला, आणि मग परत तुमचा नंबर लागेपर्यंत पिंपाच्या तळाकडं बघत बसायचं. रस्त्याखालच्या लाइनीवरचा व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीनं फिरवून ज्या-त्या भागाला पाणी सोडतो तो चावीवाला. पाणी आलं की लोक नळाकडं धावतात, चावीवाल्याकडं कोणी ढुंकून बघत नाही. नाही आलं की मात्र पहिली आठवण त्याची, आणि त्याच्या सात पिढ्यांची. दाजींना प्रत्येक भाग शिव्यांवरून ओळखू यायचा. "ही गल्ली तोंडानं लई वाईट," ते मला स्कूटरवर मागं बसून दाखवायचे, "पण शिव्या देऊन झाल्या की चहा देतेत. ती पल्याडची कॉलनी शिकलेली हाय. शिवी नाय देत, अर्ज देती." कौतुकाची मात्र त्यांना सवयच नव्हती. एकदा एका म्हातारीनं "देव तुझं भलं करो" म्हटलं, तर दिवसभर ते तिच्या लाइनीत काही बिघाड झालाय का ते तपासत फिरले.

दाजींचे कान हे एक वेगळंच प्रकरण आहे. माझ्या घरी आले की चपला काढायच्या आधी दारात थांबतात, मान तिरकी करतात आणि सांगतात, "साळेबुवा, तुमच्या टाकीचा बॉल अडकलाय. पाणी गच्चीवर चाललं." मी तणतणत वर जातो, आणि खरंच गच्चीत तळं झालेलं असतं. कन्नडला माझ्या चुलतभावाच्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक मोठे जावई म्हणून दाजींच्या हाती दिलं होतं. भटजींनी दुसरं मंगलाष्टक उचललं, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि दाजींनी एकदम आपलं टोक माझ्या हातात कोंबलं आणि ते चालते झाले. मंडपात कुजबुज सुरू झाली, जावई रुसले, जावई रुसले. आमच्या काकांनी घाईघाईनं टॉवेल-टोपी काढून ठेवली, कोणी समजूत घालायला जायचं यावर दोघांचं भांडणही झालं. लग्न लागलं, बँड वाजला, आणि गुडघ्यापर्यंत भिजलेले दाजी परत आले. "कार्यालयाच्या मागं पाइप फुटला व्हता," ते म्हणाले. "बांधून आलो. झालं का लगीन?"

चावीशिवाय मी त्यांना फार कमी वेळा पाहिलंय. माणसाच्या छातीएवढी उंच, वर आडवा दांडा, खाली चौकोनी भोक. निवृत्तीच्या दिवशी ती सरकारजमा करताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की साहेबांना वाटलं हार गळ्याला टोचतोय. आठवड्याच्या आत छावणीतल्या सलीमभाईंनी त्यांना तश्शीच नवी चावी करून दिली. सलीमभाई फिटर, दाजींचे जन्माचे जोडीदार. आता निवृत्त माणसाला ही चावी कशाला हवी, असं मी एकदाच विचारलं. दाजी म्हणाले, "ऐकायला." आणि ते खरं होतं. चावीचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. पाणी कुठं अडलंय, कुठं पळतंय, हे सगळं त्यांना आत ऐकू येतं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, काका, हे काय घेऊन चाललात, तर दाजींनी सांगितलं, "काठी हाय." कंडक्टरनं चावीकडं पाहिलं, दाजींकडं पाहिलं, आणि पुढचं तिकीट फाडलं.

पण दाजींचा खरा विक्षिप्तपणा पंगतीत दिसतो. ते वाढायला उभे राहिले की पंगतीच्या शेवटापासून सुरुवात करतात. वरात आली, नवरदेव पाटावर बसला, तरी जिलेबी आधी पार कोपऱ्यात खांबाआड बसलेल्या माणसाला. "टोकाला पोचलं का ते आधी बघायचं," हा त्यांचा कायदा. "पुढच्यांना मिळतंच. पुढच्यांनी कधी तक्रार केलीय का?" या कायद्यापायी आमच्या घराण्यातल्या तीन नवरदेवांनी गार भात खाल्लाय. नोकरीतही त्यांनी हेच केलं. लाइनीच्या शेवटच्या घरात धार पडल्याचं चावीतून ऐकू येईपर्यंत त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला नाही, मग वरून किती का फोन येईनात.

फक्त एका घराच्या बाबतीत हा कायदा लंगडा पडला, आणि ते घर त्यांचं स्वतःचं. अक्काचं घर गल्लीच्या अगदी टोकाला आहे, पुढं नाला. आपल्या घरासाठी पाच मिनिटं जास्त सोडलं असं कोणी म्हणू नये, म्हणून दाजी आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह घड्याळ लावून बंद करायचे. त्यात टोकाचं घर म्हणून अक्काच्या नळाला आधी नुसती हवा यायची, सूंऽऽ करून. तो आवाज ऐकला की अक्का हातातलं टाकून ओरडायची, "आलंऽऽ! पाणी आलंऽऽ!" सगळी गल्ली तिच्या ओरडण्यावर जागी व्हायची, घागरी लावायची. आणि अक्काच्या स्वतःच्या दोन कळशा भरतात न भरतात तोच नळ गप्प. तीस वर्षं ती हे बोलून दाखवत आली. मी तिचा भाऊ, मला तिचंच बरोबर वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

तर अशा माणसाला कारंजं नाचवायचं काम मिळालं.

फुलंब्री रस्त्यावर एका मोठ्या शेतकरी घराण्यातल्या मालकांनी मक्याच्या रानात थीम पार्क उभं केलं. एकीकडं प्लास्टरचा किल्ला, दुसरीकडं मान हलवणारा डायनासोर, मधे घसरगुंड्या. आणि आता त्यांना अंधार पडल्यावर गाण्याच्या तालावर, रंगीत दिव्यांत नाचणारं कारंजं हवं होतं. शेततळ्यासारखा लांबोडका हौद खणला होता. त्यात पाच ओळी, दर ओळीत बारा तोट्या, डाव्या अंगाला पंपाची खोली. सामान पुण्याहून आलं, आणि सामानाबरोबर संगणकावर नाच बसवणाऱ्या एक मॅडम आल्या. पाइप जोडायला सलीमभाईंना बोलावलं, आणि सलीमभाई दाजींना सोडून स्वर्गातही पाइप जोडायला जाणार नाहीत.

दाजींनी ही बातमी अक्काला सांगितली तेव्हा मी तिथंच होतो. ती भांडी घासत होती, तीसुद्धा मोजक्या पाण्यात. "पाणी नाचवणार?" ती म्हणाली. "इथं उभं राहीना, आन् तिथं नाचवणार?" दाजींनी समजावलं, की हौदातलं पाणी हौदातच पडतं, थेंब वाया जात नाही, तेच तेच परत वर जातं. अक्कानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ओळी किती म्हणालात?" पाच. "मंग त्या पाचव्या ओळीला पाणी पोचलं, की त्या दिवशी मला बोलवा. तिची-माझी वळख हाय." दुसऱ्या दिवशी पहाटेच दाजींनी मला उठवलं, कारण स्कूटर माझी होती. माझ्या निवृत्तीचे सुखाचे दिवस तिथं संपले.

आणि अक्काची वाणी खरी ठरली. पहिल्या चाचणीत पहिली ओळ सुटली ती थेट डायनासोरच्या डोक्यावर. दुसरी, तिसरी झकास. चौथी जरा दमलेली. आणि पाचवी, पंपापासून सगळ्यात लांबची, नुसती थुंकल्यासारखी गुडघाभर उडून बसली. मॅडमनी संगणकावर काहीबाही करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पंप बदलता येणार नाही. काका, पाचवी ओळ आपण प्रोग्राममधून काढून टाकू. एवढं कोण बघतंय?"

दाजींचा तीस वर्षांत कोणाला न दिसलेला राग त्या दिवशी मी पाहिला. "एवढं कोण बघतंय?" ते म्हणाले. "मॅडम, जो टोकाला बसलेला असतो ना, तो बघतो."

मालक व्यवहारी माणूस. त्यांनी सांगून टाकलं, की दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन. तोवर पाचही ओळी उडाल्या तर शो, नाहीतर हौदात पायडल मारायच्या होड्या सोडू. आणि नुसतं बोलून थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी हंसाच्या आकाराच्या चार होड्या आल्या आणि हौदाच्या काठावर रांगेनं ठेवल्या गेल्या. दाजींनी त्या हंसांशी उभा दावा मांडला. चहा पिताना त्यांच्याकडं पाठ करून बसायचे. एका हंसाच्या चोचीवर त्यांनी आपला ओला शर्ट वाळत घातला आणि मालक येईपर्यंत काढला नाही.

पुढचे आठ दिवस दाजी त्या हौदाभोवती फिरत होते. चावी पाइपावर, कान चावीवर, डोळे मिटलेले. मी उलट्या बादलीवर बसून पेपर वाचायचो, आणि पेपर संपला की जाहिराती. कामगार आपसांत म्हणायचे, म्हातारा पाइपाशी बोलतोय. जेवायला हाक मारली तर दाजी हातानं थांब म्हणायचे. घरी जाताना स्कूटरवरसुद्धा गप्प. एकदाच म्हणाले, "साळेबुवा, पोचवणार. पोचवल्याशिवाय मी काय सोडत नाय." मी म्हटलं, दाजी, वय झालं, करू द्या ना हंसांना मजा. त्यावर त्यांनी मागून मला चावीचा असा ठोसा दिला, की बरगडी आठ दिवस बोलत होती.

नवव्या दिवशी त्यांनी आपला उपाय केला, आणि तो असा उपाय की फक्त आमच्या गावचा चावीवालाच करील. मॅडम पुण्याला गेल्या होत्या. दाजींनी प्रत्येक ओळीचा हातव्हॉल्व्ह थोडा थोडा आवळला. पहिली जास्त, दुसरी त्याहून कमी, करत करत पाचवी पूर्ण उघडी. मॅडम परत आल्या, मालक बघायला उभे राहिले, गाणं सुरू झालं, दिवे लागले, आणि पाचही ओळी एकदम वर आल्या. कंबरेएवढ्या, सगळ्या अगदी सारख्या. गाणं द्रुत झालं, तरी तेवढ्याच. गाण्यात ढोल वाजले, तरी तेवढ्याच. शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी ती पाण्याची साठ तोंडं तीन मिनिटं उभी होती.

"काका," मालक म्हणाले, "हे कारंजं हाय का मेंदीचं कुंपण?"

मॅडमचा तर संताप झाला. "माझा सगळा नाच उंच-सखलपणावर बसवलाय! तुम्ही सगळ्यांना सारखं करून टाकलंत!"

सलीमभाईंनी डोक्याला हात लावला. "अरे दाजी, वो फव्वारा है, मोहल्ला नै!"

दाजी मात्र पाचव्या ओळीकडं बघत उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग ते हळूच म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं मी याला सोडलं तर त्याचं बंद केलं, त्याला सोडलं तर याचं. एकदा तरी सगळ्यांना एका टायमाला द्यायचं व्हतं. म्हणून केलं." मी पेपर घडी घालून ठेवला, कारण अक्षरं दिसत नव्हती.

मॅडम स्वभावानं कडक, पण माणूस म्हणून चांगल्या. त्यांनी दाजींना खुर्ची दिली, संगणक फिरवून समोर धरला. "काका, नाच म्हणजे सगळ्यांनी एकदम उडायचं नसतं. एक थांबतो म्हणून दुसरा उंच जातो. यानं थांबायचं, मग त्यानं उठायचं."

दाजींनी मान तिरकी केली. "म्हणजे आळीपाळीनं?"

"हो, आळीपाळीनं."

"आत्ता! मंग हे आधी नाय का सांगायचं?" दाजी खुर्चीतून उठलेच. "आयुष्यभर दुसरं केलं काय मी!" आणि त्यांनी खिशातून जुनी वही काढली, नव्या पानावर पाच गल्ल्या मांडल्या आणि कोणाला कधी किती सोडायचं त्याचं टायमिंग लिहायला घेतलं. मॅडम गाण्याची चाल सांगायच्या, दाजी पाण्याचा वार ठरवायचे. दोन दिवस दोघं एकमेकांवर इतके खेकसत होते, की आता जमणार याची मला खात्री पटली.

अडलं ते शेवटी. पाचव्या ओळीला उंच जायचं तर बाकीच्या चारही पूर्ण बंद पाहिजेत, आणि लांबच्या पाइपात पाणी पोचायला वेळ पाहिजे. "पाच-सहा सेकंद लागत्यात," दाजी म्हणाले. "आधी हवा येती, सूं करती, मंग पाणी." मॅडम म्हणाल्या, "शोच्या ऐन शेवटी पाच-सहा सेकंद काहीच नाही? गाणं बंद, दिवे बंद? लोकांना वाटेल बिघडलं. उठून जातील."

"आमच्या गावचे लोक?" दाजी हसले. "पाण्यासाठी आठ-आठ दिवस थांबत्यात, मॅडम. सहा सेकंदांत कुटं जात्यात?"

पाडव्याच्या संध्याकाळी हौदासमोरच्या बसायच्या पायऱ्या गच्च भरल्या होत्या. फुलंब्रीची माणसं जीप करून आली होती, शहरातली नवे कपडे घालून. हंस अजून काठावर होते, मालकांनी ते हलवले नव्हते. दाजी सकाळपासून पंपाच्या मागच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात, कारण शेवटचं पाणी ते हातानंच सोडणार होते. मी पायऱ्यांच्या पार उजव्या टोकाला बसलो होतो, पाचव्या ओळीसमोर. आणि बघतो तर अक्का! नवी साडी, हातात पिशवी, चेहरा तिखट. रिक्षा करून एकटी आली होती. "पाडव्याला ओवाळायला नवरा घरात नाय," ती म्हणाली. "म्हणून आले. कारंजं बघायला नाय आले." पिशवीत निरांजनाचं ताट होतं. मी म्हटलं, बस इथं. ती बसली, पाचव्या ओळीकडं तोंड करून.

अंधार झाला, गाणं सुरू झालं. अहो, काय वर्णन करू! पहिली ओळ उठली आणि दुसरी वाकली, तिसरी घुमली, चौथी मधूनच उसळली. लाल, निळं, केशरी. पोरं किंचाळत होती. अक्का हाताची घडी घालून बघत होती, आणि पाचव्या ओळीतून अजून थेंब नव्हता. "दिसतंय की," ती पुटपुटली. "इथंबी तेच." आणि मग गाणं थांबलं. दिवे गेले. चारही ओळी खाली बसल्या. गर्दीत चुळबुळ झाली, कोणीतरी म्हणालं, गेली लाइट. मालक उठून उभे राहिलेले दिसले. मी मनात आकडे मोजत होतो, एक, दोन, तीन.

आणि त्या काळोखात, अगदी आमच्या समोर, त्या बारा तोट्यांतून बारीक आवाज आला. सूंऽऽऽ.

अक्का ताडकन उठली. पिशवी माझ्या मांडीवर टाकली आणि जन्माच्या सवयीनं, सगळ्या ताकदीनं ओरडली, "आलंऽऽ! पाणी आलंऽऽ!"

आणि आलं! डायनासोरच्या वर, किल्ल्याच्या बुरुजाच्या वर, पांढरंशुभ्र, बारा धारांनी. तो आवाज शहरातल्या प्रत्येक माणसाच्या ओळखीचा होता, त्यामुळं अख्ख्या पायऱ्या एका दमात उभ्या राहिल्या. पाचशे तोंडांतून एकच आरोळी, पाणी आलंऽऽ! बायका हसत होत्या, टाळ्या वाजवत होत्या, एका आजीबाईंनी तर सवयीनं सुनेला हाकही मारली. वाऱ्यानं धार आमच्याकडं वळली आणि अक्का नव्या साडीसकट नखशिखांत भिजली. ती पुसत नव्हती. वर बघत उभी होती.

आम्ही पंपाच्या मागं गेलो. दाजी खड्ड्यात उकिडवे, चावीला कान लावून. त्यांनी डोळे उघडले, समोर बायको ठिबकत उभी. अक्कानं ताट काढलं, पण काडेपेटी भिजली होती. सलीमभाईंनी आपला लायटर दिला. तिनं तिथंच, चिखलात, त्यांना ओवाळलं. दाजी खिसे चाचपायला लागले, ओवाळणी घालायला काहीच नव्हतं. अक्का म्हणाली, "राहू द्या. पोचली." मग दाजींनी विचारलं, "किती वर गेलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या माणसानं ते पाहिलंच नव्हतं. आणि त्या दिवसाचंच कशाला. तीस वर्षं पाणी घरोघरी पोचत होतं तेव्हा हा कायम दुसऱ्या टोकाला, खड्ड्यात, व्हॉल्व्हपाशी. नळाला पाणी आल्यावर माणसाचं तोंड कसं होतं, ते त्यानं कधी बघितलंच नाही. त्याच्या वाट्याला आल्या फक्त शिव्या. मला स्वतःची फार लाज वाटली, कारण त्यांतल्या काही माझ्याही होत्या.

आता शो संगणकावर चालतो, खड्ड्यात कोणाला बसावं लागत नाही. हंस गेले कन्नडच्या एका तळ्याला. दर रविवारी मी त्या दोघांना स्कूटरनं आळीपाळीनं नेऊन सोडतो. पायऱ्यांच्या त्याच टोकाला, पाचव्या ओळीसमोर बसतात. अक्का चावी घरी ठेवायला लावते, त्यामुळं दाजींना हातांचं काय करावं कळत नाही. गाणं थांबतं, अंधार होतो, आणि दाजी अजूनही कासावीस होऊन अर्धे उठतात, हात चावी शोधत राहतो. मग अक्का न बघताच त्यांचं मनगट धरते.

"बसा," ती म्हणते. "येतंय."